सायकलफेरीची तयारी आणि दोन रुपयांची नळी



डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिक ते जव्हार आणि परत अशी आमची दोन दिवसांची सायकलफेरी प्रभूच्या कृपेने पार पडली. आपण प्रार्थनेने आणि दानाने साथ दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यानंतर निरनिराळ्या मंडळ्यांतून दोन प्रश्न आले. पहिला : "ताई, या वयात हे जमलं कसं? पुढच्या वर्षी आम्हालाही यायचंय, तयारी काय करायची?" दुसरा : "पैसे नव्या सायकलींसाठी मागितले होते, मग त्या घेतल्या का नाहीत?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून हा लेख.

मी खेळाडू नाही. वय ४४. काम बैठकांचे, अर्ज भरण्याचे आणि जीपमधून पाड्यांवर फिरण्याचे. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. नाशिकला मात्र सायकल नवी नाही. येथील डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि तीही आदिवासी बांधवांच्या नेत्रसेवेचा विषय लोकांपुढे मांडत. त्यापुढे आमचे जाऊन-येऊन १६० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण माझ्यासारखीला तेवढेही तयारीशिवाय जमले नसते.

आधी सायकल अंगाला बसवा

मी गिअरची जुनी सायकल विकत घेतली आणि सप्टेंबरात सुरुवात केली. योजना १२ आठवड्यांची होती. आठवड्यातून तीन सकाळी १०–१५ किलोमीटर आणि शनिवारी एक लांब फेरी. पहिल्या शनिवारी २०, मग थोडी थोडी वाढ. रविवार उपासनेचा आणि विश्रांतीचा.

तिसऱ्या आठवड्यात माझा उत्साह योजनेच्या पुढे धावला. २५ किलोमीटर ठरलेले असताना मी ५० करून आले. घरी आल्यावर जिना चढता येईना. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येत होती. फिजिओथेरपिस्ट भगिनीने गुडघा पाहण्याआधी सायकल पाहिली. सीट फार खाली होती आणि मी जड गिअरवर जोर लावून पॅडल मारत होते. ही दोन्ही ओझी गुडघ्यावर येतात.

सीट तपासण्याची सोपी रीत अशी : भिंतीला टेकून सायकलवर बसा, पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवावेत. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या आसपास पाय फिरले की गुडघ्याला आराम असतो. माझे दोन आठवडे दुखण्यात गेले आणि १२ आठवड्यांची तयारी १४ आठवड्यांची झाली.

हळू चालवण्याची शिस्त

नवशिक्याला वाटते, रोज दमल्याशिवाय ताकद वाढत नाही. खरे उलट आहे. बहुतेक फेऱ्या इतक्या सावकाश असाव्यात की शेजारी असलेल्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. धाप लागून वाक्य तुटू लागले की वेग कमी करायचा. एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवायचे आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे. शरीर सायकलवर असताना बळकट होत नाही, ते नंतरच्या झोपेत होते. विश्रांतीचा दिवस चुकवणे म्हणजे केलेली मेहनत वाया घालवणे. विश्रांतीवर मी मंडळीत कितीतरी वेळा बोलले आहे, पण पाळायला शिकले ती या गुडघ्यामुळे.

खाणे आणि पिणे

एका शनिवारी मी फक्त चहा पिऊन त्र्यंबक रस्त्याने निघाले. अंजनेरीच्या पुढे डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय थरथरू लागले आणि रस्त्याच्या कडेला बसून मला विनाकारण रडू आले. स्नायूंत साठवलेली साखर साधारण दीड-दोन तास पुरते. रिकाम्या पोटी निघालो तर त्याआधीच संपते.

त्या झाडाखाली बसल्यावर मला एलीया आठवला. धर्मशास्त्राच्या वर्गात १ राजे १९ वर मी निबंध लिहिला होता. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या संदेष्ट्याला देवाने लगेच पुढचे काम सांगितले नाही. आधी झोपू दिले, दूताच्या हातून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मग चाल सुरू झाली. त्या निबंधात हे मी एका ओळीत उरकले होते.

तेव्हापासून नियम केला : निघण्याआधी पोळी किंवा पोहे, आणि भूक लागण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाला काहीतरी. केळे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. महागड्या पाकिटांची गरज नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. ज्यांना मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

घाट

नाशिकहून त्र्यंबकपर्यंत रस्ता हळूहळू चढतो. पुढे मोखाड्याकडे घाट उतरतो आणि मग जव्हारपर्यंत चढउतार. म्हणजे जाताना उतार आणि दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांनी चढ. म्हणून ऑक्टोबरपासून आम्ही तिघे-चौघे जीपवर सायकली टाकून घाटाखाली जात होतो आणि चढण्याचा सराव करत होतो. चढावर पहिल्या वळणालाच सर्वांत हलका गिअर घ्यायचा आणि माथ्याकडे पाहायचे नाही. उतारावर दोन्ही ब्रेक वापरायचे, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबत-सोडत जायचे. सतत दाबला तर रिम तापते. हेल्मेट सर्वांना सक्तीचे.

अशाच एका शनिवारी चढण्याआधी आम्ही ओळखीच्या पाड्यावर चहाला थांबलो. पडवीत तीन सायकली भिंतीला टेकलेल्या होत्या, धुळीने माखलेल्या. आठवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा जाण्यासाठी मानव विकास कार्यक्रमातून मिळतात, त्यातल्या. नववीतल्या मुलीला विचारले, "किती दिवस बंद आहे गं?"

"पावसाळ्यापासून, ताई. हवा राहत नाही."

तोवर मी पंक्चर काढायला शिकले होते. मोठ्या ऐटीत चाक उघडले, ट्यूब पाण्यात धरली. ट्यूबला भोक नव्हते. व्हॉल्व्हवरची रबराची छोटी नळी कुजली होती. तिची किंमत दोन रुपये. माझ्या पिशवीत स्वतःच्या सायकलीसाठी पंप, पाने, ट्यूब असे हजारांचे सामान होते, पण ती नळी नव्हती, कारण माझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा. दुरुस्तीचे दुकान मोखाड्याला. तिथे जायचे तर जीपचे भाडे, सायकल टपावर टाकण्याचे वेगळे, आणि बापाचा एक दिवसाचा रोज बुडणार. दोन रुपयांच्या नळीसाठी ती मुलगी चार महिने जाऊन-येऊन आठ किलोमीटर चालत होती.

पुढच्या शनिवारी मी मूठभर नळ्या घेऊन गेले. तिन्ही सायकलींपैकी दोन त्याच दिवशी धावल्या. तिसरीचे ब्रेक गेले होते.

निधीचे काय केले

आपल्याकडून आम्ही नव्या सायकलींसाठी दान मागितले होते. पाड्यावर पाहिलेले मी समितीपुढे मांडले. चर्चा सोपी नव्हती. एका ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे होते की दात्याला दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, आणि नव्या सायकलीसोबत मुलीचा हसरा फोटो येतो, पेटीचा कोण पाहणार? त्यांचे पहिले म्हणणे बरोबर होते. म्हणून आम्ही प्रत्येक दात्याला फोन करून विचारले. ज्यांनी नाही म्हटले, त्यांचे दान सायकलींसाठी वेगळे ठेवले आहे. बहुतेकांनी होकार दिला.

त्या पैशांतून पाड्यापाड्यावर दुरुस्तीची पेटी दिली जात आहे : पंप, पाने, पॅच आणि सोल्यूशन, व्हॉल्व्हच्या नळ्या, ब्रेकचे रबर, चेनचे तेल. प्रत्येक पेटीसोबत दोन मुली शिकतात आणि पेटी त्यांच्याच घरी राहते.

फेरीचा दुसरा दिवस थोडक्यात सांगते. घाटातली शेवटची तीन वळणे मी सायकल हातात धरून चालत चढले. लपवण्यासारखे त्यात काही नाही. चालणेही तयारीतच धरा.

पुढच्या वर्षी ज्यांना यायचे आहे, त्यांनी सप्टेंबरची वाट पाहू नये. आजच सीटची उंची तपासा आणि शनिवारी दहा किलोमीटर सावकाश जाऊन या. पेट्यांचा खरा हिशेब पुढच्या पावसाळ्यात लागेल, जेव्हा नळ्या कुजू लागतील. त्या दिवसांत त्या मुलींच्या सायकली चालू राहाव्यात म्हणून प्रार्थना करा. जून उजाडला की मी पाड्यांवर जाऊन पाहणार आहे आणि जे दिसेल ते, चांगले वा वाईट, याच पानावर कळवीन.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी