तडा अडवणारं भोक, तडा पाडणारं भोक

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत ओतीव लोखंडाच्या एखाद्या बॉडीला तडा गेला, की जुना मिस्तरी आधी त्या तड्याचं टोक शोधतो आणि नेमकं तिथे ड्रिल मारतो. तडा पुढे सरकायचा थांबतो, मग सावकाश वेल्डिंग करता येतं. आता शहरातल्या चष्म्याच्या दुकानात या. दुरुस्तीला आलेला रिमलेस चष्मा उचलून पाहा. काच तडकली असेल तर तडा बहुधा स्क्रूच्या भोकापासूनच निघालेला असतो. एका ठिकाणी भोक तडा अडवतं, दुसऱ्या ठिकाणी तेच तडा पाडतं. रिमलेससाठी ड्रिलिंग मशीन घ्यायला निघालेल्या चष्मेवाल्याने भाव विचारण्याआधी हे कोडं सोडवावं.

कीर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९८ साली गणित मांडलं: रुंद पट्टी ताणली आणि तिच्यात गोल भोक असलं, तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोक एक मिलिमीटरचं असो की तीनचं, पट तीच. १९१३ मध्ये इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने लंबगोल भोकाचा हिशेब केला. भोक जितकं निमुळतं, तितका त्याच्या टोकाशी ताण जास्त. तडा म्हणजे अतिशय निमुळतं भोकच. मिस्तरी त्या अणकुचीदार टोकाच्या जागी गोल काठ आणतो आणि प्रचंड ताण बराच खाली उतरवतो. काचेच्या बाबतीत उलटं घडतं. ड्रिल बाहेर पडताना काठाचा कपचा उडाला, तर तिप्पट ताण असलेल्या जागीच आणखी एक अणकुचीदार टोक तयार होतं. म्हणजे दोष भोकाचा नाही, कपच्याचा आहे.

त्यात रिमलेसची रचनाच काचेला राबवणारी. फ्रेम नाही, त्यामुळे ब्रिज आणि काड्या यांना जोडणारी काचच. काडी साधारण १४० मिलिमीटर लांब असते. तिची पकड काचेवर सात मिलिमीटरची धरली, तर टोकाला एका हाताने दिलेला हिसका भोकापाशी वीसपट होऊन पोचतो. एका हाताने चष्मा ओढून काढायची सवय असलेल्याला रिमलेस विकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काच म्हणायची सवय, पण आता बहुतेक काचा प्लॅस्टिकच्या असतात, आणि सगळी प्लॅस्टिकं एका जातीची नसतात. सर्वांत स्वस्त आणि रुळलेलं सीआर-३९ हे कुकरच्या मुठीच्या बेकेलाइटच्या भावकीतलं: एकदा घट्ट झालं की तापवूनही वितळत नाही. ड्रिलखाली त्याची भुकटी होते आणि काठ कपचतो. पॉलिकार्बोनेट, दुकानातल्या भाषेत ‘पॉली’, उष्णतेने मऊ होतं. बोथट बिट जोरात फिरवलं तर भोकाचा काठ वितळून बिटला चिकटतो. पॉली कपचत नाही, पण त्याचा शत्रू वेगळा आहे. स्क्रू सैल होऊ नये म्हणून काही फिटर लॉक करणारा द्रव लावतात. तो किंवा ॲसिटोन ताणलेल्या पॉलीला लागला, की भोकाभोवती बारीक रेघा उमटतात आणि एक दिवस काच तडकते. रिमलेससाठी मला ट्रायव्हेक्स आवडतं: हलकं, चिवट आणि ड्रिलला सोसणारं. गिऱ्हाईक सीआर-३९ च मागत असेल, तर त्याला फ्रेमचा चष्मा दाखवावा.

आता मशीन. पहिली गोष्ट कोन. प्लस नंबरच्या काचेची पुढची बाजू बरीच फुगीर असते. तिची वक्रता-त्रिज्या ८८ मिलिमीटर धरली, तर मध्यापासून २५ मिलिमीटरवर तिचा उतार सुमारे साडेसोळा अंश येतो. सरळ उभं ड्रिल मारलं तर भोक तितकंच तिरकं जातं, वॉशर एकाच कडेवर टेकतो आणि सगळा दाब एका बिंदूवर येतो. मायनस नंबरच्या चपट्या काचेत, त्रिज्या २६५ असेल तर, तोच उतार पाच-साडेपाच अंश. म्हणून काच तिरकी धरता येणारी पकड नसेल, तर मशीन कितीही चकचकीत असो, परत पाठवावं. काही मशीनमध्ये एक बिट वरून आणि एक खालून येतं. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडल्यामुळे बाहेर पडतानाचा कपचा टळतो. ही सोय मला महागड्या स्वयंचलित यंत्राच्या स्क्रीनपेक्षा मोलाची वाटते. दिवसाला हजारो काचा कापणाऱ्या लॅबला ते यंत्र शोभतं. कोपरगाव-पाथर्डीच्या दुकानात महिन्याला मोजकेच रिमलेस होत असतील, तर टेबलावरचं हाताने चालवायचं मशीन पुरतं, बिट वेळेवर बदललं म्हणजे झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे बिटचं डुगडुगणं. लेथवाले त्याला रनआउट म्हणतात. भोक बहुतेकदा सव्वा-दीड मिलिमीटरचं असतं. बिट थोडं जरी भेलकांडलं तरी भोक मोठं होतं आणि काडी महिन्याभरात हलायला लागते. एमआयडीसीतल्या एखाद्या ओळखीच्या टर्नरला डायल गेज घेऊन बरोबर न्यावं.

आणि डेमोला विक्रेत्याची काच वापरू नये. घरून रद्दी सीआर-३९ आणि पॉली, दोन्ही न्याव्यात. प्रत्येकीत दहा भोकं पाडून सराफाच्या दहापट भिंगाखाली सीआर-३९ च्या भोकांचे काठ पाहावेत. पॉलीसाठी पोलराइज्ड गॉगल घालून लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर उभं राहावं आणि पडदा काळा दिसेपर्यंत मान तिरकी करावी. मग पॉलीची काच मधे धरावी. दाबलेल्या पारदर्शक वस्तूतून ध्रुवित प्रकाश गेला की रंग दिसतात, हे डेव्हिड ब्रूस्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. साच्यात घडताना आलेले काही रंग पॉलीत आधीपासून असतात, तेव्हा ड्रिल मारण्याआधीही एकदा पाहून ठेवावं. नंतर भोकांभोवती नवी रंगीत कडी उमटली, तर तिथे ताण अडकला आहे. दहाव्या भोकाभोवतीची कडी पहिल्यापेक्षा ठळक असेल, तर बिट तापतंय. विक्रेत्याला नवं बिट लावायला सांगून पुन्हा दहा भोकं पाडावीत.