आधी कागद, मग जहाज

१९१३ साली विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, हे आपल्या वस्तीतील लहान पोरालाही ठाऊक आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, हेही आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. पण बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी बाबासाहेबांना बडोदा संस्थानाला करारनामा लिहून द्यावा लागला होता, ही गोष्ट भाषणात क्वचितच येते. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करीन, असा तो करार होता. म्हणजे आधी कागद झाला, मग जहाज सुटले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. परंतु ते हात हलवत परतले नाहीत. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. त्या परवानगीच्या बळावर, सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ती परवानगी घेतली नसती तर? हा प्रश्न वकील म्हणून मला वारंवार पडतो, कारण त्याचे उत्तर मी माझ्या चेंबरमध्ये पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातली एक मुलगी वडिलांसोबत माझ्याकडे आली. वडील बांधकामावर मिस्त्री. मुलीला ब्रिटनमधल्या एका चांगल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते. आम्ही पेढे वाटले. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायची प्रतिज्ञापत्रे मीच तयार केली. मात्र त्या प्रवेशपत्रावर ‘कंडिशनल’ असा एक शब्द होता, त्याकडे मी दुर्लक्ष केले. अंतिम वर्षाचे गुणपत्रक आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दिल्यावरच हा प्रवेश पक्का होईल, असा त्याचा अर्थ होता. शिष्यवृत्तीला पक्का, म्हणजे ‘अनकंडिशनल’ प्रवेश लागत होता. तिच्या इथल्या विद्यापीठाने गुणपत्रक वेळेवर दिले नाही. अर्ज अपूर्ण ठरला. त्या वर्षी मुलगी गेली नाही. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलून मिळावा, असे एक पत्र विद्यापीठाला पाठवता येते, हेही मला तेव्हा माहीत नव्हते. बाबासाहेबांनी १९१७ साली जे केले, ते त्यांचे नाव घेणाऱ्या वकिलाला इतक्या वर्षांनंतरही सुचले नाही! ही माझी चूक आहे आणि ती मी येथे कबूल करतो.

त्या मुलीचे गुण कमी नव्हते. ती हरली ती कागदावर आणि तारखेवर. आपली कितीतरी मुले अशीच हरतात आणि आपण मात्र ‘नशीब’ म्हणून गप्प बसतो. नशिबावर विश्वास ठेवणे हे बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण कळले की उपायही सापडतो.

दोन घड्याळे

पहिले कारण असे, की परदेशी विद्यापीठाचे घड्याळ वेगळे आणि आपल्या सरकारचे घड्याळ वेगळे. ब्रिटनमधले वर्ष साधारणपणे सप्टेंबरमध्ये सुरू होते. अमेरिकेत ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांचे, विशेषतः पीएच.डी.चे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. आपल्याकडे मात्र निकाल उन्हाळ्यात, शिष्यवृत्तीची जाहिरात त्याच्या आगेमागे, निवड यादी त्यानंतर, आणि व्हिसा त्याच्याही नंतर. त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षी जागा होणारा विद्यार्थी उशिरा जागा झालेला असतो. तयारी दीड वर्ष आधी सुरू झाली पाहिजे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच पासपोर्ट काढावा. आयईएल्टीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो, म्हणून ती लवकर देऊन टाकण्यात नुकसान नाही.

दुसरे कारण नावाचे. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, वडिलांच्या जातीच्या दाखल्यावर तिसरे. कुठे ‘भिमराव’, कुठे ‘भीमराव’. इंग्रजी स्पेलिंगचे तर विचारूच नका. येथे खपून जाणारा हा फरक व्हिसाच्या टेबलावर खपत नाही. नावात बदल असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा आणि सर्व कागदांवर पासपोर्टप्रमाणे एकच नाव ठेवावे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नये. १९९० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी दाखल्यावर काय लिहिले आहे आणि योजनेला काय हवे आहे, हे ताडून पाहावे. कचेरी दाखला अडवत असेल तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्याखाली अपील करता येते. फाईल कुठे पडली आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. कायदा कपाटात ठेवण्यासाठी नसतो.

तिसरे कारण शिफारसपत्रांचे. बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन प्राध्यापकांची पत्रे लागतात आणि ती प्राध्यापकाने स्वतः आपल्या अधिकृत ईमेलवरून पाठवायची असतात. आपला विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर, सरांशी कधी बोललेला नाही. आणि काही सरांना तो आडनावावरूनच नकोसा होतो. मग पत्र ऐनवेळी मिळत नाही, किंवा चार ओळींचे मिळते. म्हणून तीन महिने आधी भेटावे, आपले गुण, प्रकल्प आणि अर्जाची शेवटची तारीख एका कागदावर लिहून द्यावी. एका सरांनी टाळले तर दुसऱ्यांकडे जावे.

हकीकत, कारण, मागणी

सर्वांत जास्त भीती वाटते ती उद्देशपत्राची. मी अनेक वाचली आहेत. काहींमध्ये फक्त दुःख असते, काहींमध्ये दुःख पूर्ण लपवलेले असते. दोन्ही चूक. दिवाणी दाव्यात आम्ही तीन गोष्टी लिहितो: हकीकत, दाव्यास कारण आणि मागणी. उद्देशपत्रही तसेच लिहावे. मी कोण, काय शिकलो, काय केले, ही हकीकत. कोणता प्रश्न मला झोपू देत नाही, हे कारण. आणि तुमच्याच विद्यापीठात, या अभ्यासक्रमात, या विषयांतून मला काय हवे आहे, ही मागणी. पाणीटंचाईच्या गावातला मुलगा जलव्यवस्थापन शिकायला निघाला असेल, तर त्याने टँकरमागे धावल्याचे जरूर लिहावे. पण त्यापुढे पाण्याचा प्रश्न त्याला कसा समजला, हेही लिहावे. दया मागू नये, पात्रता सिद्ध करावी.

पैशाबाबत आपल्यात मोठा गैरसमज आहे. परदेश म्हणजे शेत गहाण, असे लोक धरून चालतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात किंवा शिष्यवृत्तीचा पुरावा द्यावा लागतो. ब्रिटनसाठी चेव्हनिंग आहे, तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. कॉमनवेल्थ आहे, फेलिक्स आहे, युरोपची इरास्मस मुंडस आहे. अर्जाची फी माफ करण्याची विनंतीही अनेक ठिकाणी मान्य होते, फक्त ती मागावी लागते.

एक इशारा मात्र कायद्याचा माणूस म्हणून देतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवायचे असतील तर ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. काही एजंट ‘बॅलन्स दाखवून देतो’ म्हणून व्याजाने पैसे फिरवतात, खोटे कागद करून देतात. अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, डाग मात्र आपल्या मुलाच्या नावावर राहतो.

बाबासाहेबांनाच शिष्यवृत्ती नाकारणारी अट

आता सरकारी योजनांकडे वळू. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. अनुसूचित जातींसाठी तिच्यात ११५ जागा आहेत. साऱ्या देशासाठी ११५! राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तिच्या जागा ७५ पर्यंत वाढल्या. या जागा कोणी दान केलेल्या नाहीत. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, त्यातून त्या आल्या आहेत.

पण जागा देताना अटींची कुंपणे कशी घातली जातात, ते पाहा. २०२२ साली केंद्राने नियम केला, की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर आपला निबंध वाचला, तो जगभर अभ्यासला जातो. २०२२ च्या नियमाने तो विषय अपात्र! ज्यांच्या नावाने सरकार स्मारके उभारते, त्यांच्या विषयाला सरकारचीच शिष्यवृत्ती नाही, याला काय म्हणावे? जातीचा अभ्यास जात सोसणाऱ्याने परदेशात जाऊन करू नये, हाच त्याचा अर्थ नव्हे काय?

२०२५ च्या जुलैमध्ये याच योजनेत निवडलेल्या १०६ पैकी फक्त ४० विद्यार्थ्यांना सुरुवातीला तात्पुरती पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी असल्यास देऊ असे सांगण्यात आले. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणाऱ्या मुलाला जुलैमध्ये ‘निधी असल्यास’ असे सांगणे म्हणजे काय, हे १९१७ साली लंडन सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना समजावून सांगायला नको.

आणि परदेशात पोहोचल्यावर जात सुटते, असेही नाही. ती आपल्याच देशबांधवांच्या सामानातून तिकडे जाते. म्हणून तर अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आणि सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभावाला मनाई केली. आपल्या मुलांनी ही माहिती बरोबर नेली पाहिजे. तिकडे घर शोधताना आडनाव विचारले गेले तर गप्प बसण्याचे कारण नाही.

विहारात एक टेबल

मग करायचे काय? मागणीसाठी मोर्चा, निवेदन, याचिका हे मार्ग आहेतच आणि ते चालू राहिले पाहिजेत. पण याचिकेची तारीख पडेपर्यंत या वर्षीचा विद्यार्थी थांबू शकत नाही. यवतमाळमध्ये राजू केंद्रे आणि त्यांच्या एकलव्य संस्थेने खेड्यापाड्यांतल्या मुलांना हे मार्गदर्शन देण्याचे काम करून दाखवले आहे. ते एका जिल्ह्यात होऊ शकते तर प्रत्येक तालुक्यात का होऊ नये?

दर रविवारी विहारात वंदनेनंतर एक टेबल मांडावे. एक वकील, एक प्राध्यापक, परदेशात शिकून आलेला किंवा तिकडे असलेला एक तरुण फोनवर, आणि भिंतीवर तारखांचा मोठा तक्ता. वकिलाने दाखले आणि नावे तपासावीत, प्राध्यापकाने उद्देशपत्र वाचावे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला, तरी एखाद्या मुलाच्या इंग्रजी परीक्षेच्या फीला मोठा हातभार लागेल.

माझ्या चेंबरमध्ये आता एक जाडी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मी एवढेच लिहून ठेवले आहे: प्रवेश पक्का आहे की अटीवर, ते आधी वाचा. ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज घेऊन आली, तेव्हा आम्ही दोघांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. त्या वर्षी ती गेली. तिचे वडील विमानतळावर मला म्हणाले, “वकीलसाहेब, एक वर्ष गेलं, पण पोरगी गेली.”

मिस्त्रीच्या घरात एक वर्ष म्हणजे काय, हे त्यांनाच माहीत. ते वर्ष पुढच्या मुलाचे जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे. जयभीम!