एका रस्त्याचे तीन वारस

लंडनमधल्या एजवेअर रोडच्या खाली रोमनांचा जुना रस्ता आहे. रोमन लोक थरावर थर रचून रस्ते बांधायचे, म्हणून ते आजही खणून काढता येतात. पण ज्या रस्त्यावर नुसत्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, जो दर पावसाळ्यात चिखलात बुडायचा, तो चारशे वर्षांनी कुठे शोधायचा? आश्चर्य असं, की असा एक रस्ता शोधायला कुदळ लागतच नाही. हजीऱ्याहून निघायचं आणि पूर्वेकडे चालू लागायचं!

आज हजीरा म्हणजे बंदर, पोलाद, गॅस आणि खत. याच किनाऱ्यावर सुवाळी आहे. तापीच्या मुखात गाळ साचून वाळूचे दांडे झाले होते, त्यामुळे मोठी गलबतं सुरतेपर्यंत जाऊ शकत नव्हती. सुवाळीपाशी मात्र वाळूच्या दांड्याआड खोल, सुरक्षित पाणी मिळायचं. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये इथंच उतरला. दक्षिण अमेरिकेच्या खाणींतली चांदीसुद्धा समुद्र पालथे घालत या बाजूला यायची. माल सुरतेला पोचायचा आणि तिथून सुरू व्हायचा तो बऱ्हाणपूरमार्गे थेट आग्र्याला जाणारा रस्ता.

त्याची पहिली खूण सुरतेतच सापडते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा त्यांचा तळ पडला तो शहराच्या पूर्वेला, बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. सुरतेत आजही बऱ्हाणपुरी भागळ आहे. दरवाजाचं नाव रस्त्याची दिशा सांगतं. पण पुढचा माग कसा काढायचा?

इथं मदतीला येतात त्या काळचे प्रवासी. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये या वाटेनं गेला आणि मुक्कामाची गावं लिहून ठेवत गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानंही तशीच यादी केली. आजचा नकाशा शेजारी ठेवा आणि गावं जोडत जा. बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, यावल, रावेर आणि शेवटी बऱ्हाणपूर. जुना रस्ता डोळ्यांसमोर उभा राहतो!

आता खरी गंमत. बारडोलीहून नवापूरपर्यंत कोण जातं? हजीऱ्यालाच सुरू होऊन ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३. जुन्या रस्त्याचा हा पहिला वारस.

नवापूरला थोडं थांबू. ताव्हर्निये इथल्या तांदळावर लुब्ध झाला होता. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा, असं त्याचं वर्णन आहे. आज इथल्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावरून राज्यांची सीमा जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत!

नवापूरनंतर महामार्ग जुन्या वाटेला सोडतो आणि कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याकडे वळतो. जुनी वाट मात्र उत्तरेला झुकून नंदुरबारकडे जायची. मग तिचा वारसा कुणाकडे गेला? रेल्वेकडे! १९०० च्या सुमारास झालेली तापी खोऱ्यातली रेल्वे नवापूरहून नंदुरबार, दोंडाईचा करत शिंदखेड्याला जाते. म्हणजे फिंचच्या यादीतली गावं इथं चक्क स्टेशनं झाली आहेत.

असं का व्हावं? कारण भरल्या गाडीच्या बैलाला आणि वाफेच्या इंजिनाला एकच शत्रू असतो, तो म्हणजे चढ. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जरा चढ वाढला की घसरतं. सह्याद्रीचं उत्तर टोक तापीच्या खोऱ्याकडे उतरत जातं, तिथून वळसा घातला की घाट टळतो. हे बैलगाडीवाल्यांनी कोणत्याही दुर्बिणीशिवाय हेरलं होतं. अंगणात कितीदाही पाणी ओता, ते उताराची तीच वाट धरतं. तसंच हे.

शिंदखेड्यानंतर पुन्हा ताटातूट होते. रेल्वे तापीच्या दक्षिणेला राहून अमळनेर-जळगावकडे जाते. जुना रस्ता थाळनेरला तापी ओलांडून उत्तर तीरावर जायचा. तिथं तिसरा वारस वाट पाहत असतो, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. तो चोपडा, यावल, रावेर अशी गावं घेत बऱ्हाणपूर गाठतो. केळीच्या बागांमधून जाणाऱ्या या वाटेवरूनच कधीकाळी आग्र्याची नीळ आणि बऱ्हाणपूरचं कापड समुद्राकडे जात होतं!

मग या साखळीतून निसटलं कोण? थाळनेर. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी, त्यांच्या कबरी अजून तिथं आहेत. नदी ओलांडण्याची जागा हेच या गावाचं भाग्य होतं. पुढे मुंबई-आग्रा रस्त्याचा पूल शिरपूरजवळ झाला, वाहतूक तिकडे गेली आणि थाळनेर बाजूला पडलं. कोंडाईबारीतही तेच घडलं. ट्रकला घाट चढता आला, म्हणून महामार्गानं वळसा सोडला.

म्हणजे या रस्त्याचा नियम थाळनेरला स्पष्ट कळतो. जिथं जमिनीची अडचण अजून तशीच आहे, तिथं वाट चारशे वर्षं हललेली नाही. जिथं पुलानं किंवा इंजिनाच्या ताकदीनं ती अडचण दूर केली, नेमकी तिथंच वाट बदलली. रोमनांचे रस्ते दगडांनी टिकवले. आपला हा रस्ता तापीच्या खोऱ्यानंच सांभाळला. तुमच्या गावातला सर्वांत जुना रस्ता जिथं विनाकारण वळतो असं वाटतं, तिथं एकदा थांबून चढ, ओढा, विहीर शोधा. कारण सापडण्याची शक्यता दांडगी आहे!