जपानच्या वाटेवरचे एकशे ऐंशी दिवस

भारतातून जपानला कुत्रा न्यायचा असेल, तर पहिली नोंद होते ती तांदळाच्या दाण्याएवढ्या मायक्रोचिपची. दोन्ही खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली सुईने बसवलेल्या या चिपचा पंधरा अंकी क्रमांक वाचकयंत्र जवळ धरताच उमटतो, आणि पुढची प्रत्येक नोंद त्याच क्रमांकाशी बांधलेली असल्यामुळे रेबीजची लस चिप बसवल्यानंतरच टोचावी लागते. पिल्लू किमान ९१ दिवसांचे झाल्यावर पहिली मात्रा, तिचा प्रभावकाळ संपण्याआधी पण किमान ३० दिवसांच्या अंतराने दुसरी, आणि त्यानंतर रक्ताचा नमुना जपानने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडे, असा हा क्रम आहे. तेथे प्रतिपिंडांचे, म्हणजे लसीमुळे शरीराने तयार केलेल्या संरक्षक प्रथिनांचे, प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावे लागते.

अहवाल मनासारखा आला तरी रक्त घेतल्या दिवसापासून १८० दिवस थांबणे भाग असते, आणि मालकांना सर्वांत जाचक वाटणारी हीच अट शास्त्राला सर्वाधिक धरून आहे. प्रतिपिंडांवरून लस लागू पडल्याचे कळते. लसीपूर्वीच विषाणू शरीरात शिरला होता की काय, हे कळत नाही. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असतो आणि लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने उलटतात. या मधल्या अवधीला अधिशयनकाळ म्हणतात आणि त्यात प्राणी वरकरणी धडधाकट असतो. ज्या देशात १९५७ नंतर प्राण्यांमध्ये देशांतर्गत लागण आढळलेली नाही, त्याने इतकी सावधगिरी बाळगणे, पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला तरी अवाजवी वाटू नये.

पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी जपानच्या प्राणी विलगीकरण सेवेला सूचना द्यावी लागते, तर निघण्यापूर्वीच्या दहा दिवसांत पशुवैद्याची तपासणी होऊन कागदांवर भारतातील सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे शिक्कामोर्तब व्हावे लागते. सारे जुळले तर विमानतळावरील तपासणी बारा तासांच्या आत आटोपते. प्रतीक्षेचे दिवस कमी पडले, तर तेवढे दिवस मालकाच्या खर्चाने प्राण्याला विलगीकरण केंद्रात, घरच्या माणसांपासून दूर काढावे लागतात, आणि ही ताटातूट त्याला समजावून सांगण्याचा कोणताही मार्ग नसतो.

पहिल्या लसीपासून हिशेब केला तरी किमान २१० दिवस, म्हणजे सात महिने लागतात. म्हणून जपानमधील नोकरीची नुसती बोलणी सुरू झाली, तरी पुण्या-मुंबईच्या श्वानपालकांनी व्हिसाची वाट न पाहता आधी चिप बसवून घ्यावी.