पाचातले एकच बी

अमेरिकेच्या पश्चिमेला सिएरा नेव्हाडा आणि वासाच या डोंगररांगांच्या मधोमध ग्रेट बेसिन नावाचा अफाट कोरडा मुलूख आहे. नेव्हाडा राज्याचा बहुतेक भाग त्यात येतो, शिवाय युटा, ओरेगॉन, आयडाहो आणि कॅलिफोर्नियाचे लचके. इथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत. खाऱ्या तळ्यांत जातात किंवा वाळूत जिरतात. या मुलखात उन्हाळा लागला की दोन-तीन, फार तर चार-पाच जणांच्या लहान टोळ्या पिकअप गाड्या घेऊन हिंडू लागतात. जवळ कापडी आणि कागदी पिशव्या, भिंग, धारदार पाते, नमुने दाबून वाळवायच्या फळ्या आणि पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन. रानात आपसूक वाढलेल्या देशी गवतांचे, झुडपांचे आणि रानफुलांचे बी गोळा करायला त्या आलेल्या असतात.

या कामाचे नाव ‘सीड्स ऑफ सक्सेस’. ब्रिटनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाने २००० साली वेकहर्स्ट इथे मिलेनियम सीड बँक उघडली. तिच्याशी हातमिळवणी करून अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याने त्याच सुमारास हा कार्यक्रम सुरू केला. या खात्याच्या ताब्यातली जमीन सुमारे ९.९ कोटी हेक्टर आहे, म्हणजे तीन महाराष्ट्र मावतील एवढी. आजवर देशभरातून २५,००० हून अधिक बीजसंग्रह या कार्यक्रमात जमा झाले आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, हे तिथल्या आगींकडे पाहिले की कळते. ग्रेट बेसिनचे मूळ पांघरूण म्हणजे सेजब्रश. ज्योतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा ज्या प्रजातीतला, त्याच आर्टेमिसिया प्रजातीतले हे राखाडी, सुगंधी झुडूप. त्याच्या आडोशाने सेज ग्राउस हा पक्षी जगतो, हिवाळ्यात तर जवळजवळ त्याच्याच पानांवर. एकोणिसाव्या शतकात युरोप-आशियातून चीटग्रास नावाचे एकवर्षायू गवत इथे पोचले. ते देशी गवतांच्या आधी उगवते, उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळून कडकडीत होते आणि विजेच्या एका ठिणगीने पेटते. मोठ्या सेजब्रशला जळाल्यावर बुडातून पुन्हा फुटवा येत नाही. ते फक्त बियांवरून परतू शकते. चीटग्रासचे बी मात्र मातीत तयार असते. त्यामुळे प्रत्येक आगीनंतर सेजब्रश मागे हटते, चीटग्रास पसरते आणि पुढची आग आणखी लवकर लागते. २०१५ साली आयडाहो-ओरेगॉनच्या सीमेवरच्या सोडा आगीत एक लाख हेक्टरांहून जास्त रान गेले. त्याच वर्षी अमेरिकेने देशी बियाण्यांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले.

जळालेल्या रानात पेरायला बी हवे, आणि ते त्याच भागातले हवे. स्थानिक बियाण्याचा हा आग्रह हळवेपणातून आलेला नाही. क्लाउझेन, केक आणि हीसी या तीन संशोधकांनी कॅलिफोर्नियात एकाच जातीची रोपे समुद्रसपाटीजवळ, सुमारे १,४०० मीटरवर आणि ३,००० मीटरवर लावून पाहिली. १९४० साली त्यांनी निष्कर्ष छापले. खालच्या भागातली रोपे उंचावर तग धरेनात आणि उंचावरची खाली खुरटली. नाव एक, रूप जवळपास एक, पण प्रत्येक वंश आपापल्या थंडी-पावसाला बांधलेला. सेजब्रशच्याच तीन मुख्य उपजाती आहेत. त्यांतली डोंगरावरची उपजात ओळखायला तिची पाने पाण्यात कुस्करून अतिनील दिव्याखाली धरतात. पाणी निळसर चमकते. चुकीच्या उपजातीचे पोतेभर बी पेरून काही वर्षांनी उजाड जमीन पाहण्यापेक्षा हा दिवा स्वस्त पडतो.

टोळीप्रमुखाचे काम इथे सुरू होते, आणि ते बी पिकण्याच्या कितीतरी आधी. बी तयार होते तेव्हा फूल गेलेले असते, कित्येकदा पानेही. मग झाड ओळखायचे कशावरून? म्हणून मे-जूनमध्ये फुले असतानाच रान पालथे घालायचे, जात पक्की करायची, जागा नकाशावर टिपायची आणि पुन्हा कधी यायचे याचा अंदाज बांधायचा. सखल भागात बी आधी पिकते, तीच जात डोंगरावर काही आठवड्यांनी. मोसम डोंगर चढत जातो आणि टोळी त्याच्या मागोमाग. दुष्काळी वर्षी मेहनतीने केलेल्या यादीतल्या निम्म्या ठिकाणी बी धरतच नाही. कधी टिपून ठेवलेले ठिकाण आगीत जाते, कारण आगींचा आणि बियांचा हंगाम एकच.

जागेवर पोचल्यावर हात लगेच पिशवीकडे न्यायचा नसतो. आधी वेगवेगळ्या झाडांवरचे दहा-वीस दाणे पात्याने कापून भिंगाखाली पाहायचे. आत पांढरा, भरलेला गर आहे, की बी पोचट आहे, की अळीने आतून पोखरले आहे? शेंगवर्गातल्या मिल्कव्हेचचे बी बाहेरून टपोरे दिसते आणि आत भुंगेऱ्याने भुसा केलेला असतो. पोचटांचे प्रमाण जास्त निघाले तर तेवढे जादा बी काढावे लागेल, किंवा रिकाम्या हाताने परतावे लागेल. शंभर किलोमीटर खडकाळ रस्ता तुडवून आलेल्या पोरांना “आज काढायचे नाही” हे सांगणे हा टोळीप्रमुखाच्या कामाचा मला सर्वांत अवघड भाग वाटतो.

बी काढायचे ठरले तरी नियम कडक आहेत. त्या दिवशी रानात जेवढे पक्व बी आहे त्याच्या २० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाही. किमान ५० वेगवेगळ्या झाडांवरून घ्यायचे. एका संग्रहात निदान १०,००० चांगले दाणे यावेत, जमल्यास ३०,०००. हिशेब करून पाहा: १०,००० दाणे न्यायचे तर रानात किमान ५०,००० पिकलेले दाणे हवेत. एका रोपावर वीस दाणे येत असतील तर अडीच हजार रोपे आधी सापडायला हवीत. पाचातले एक आपण घ्यायचे. उरलेली चार मुंग्यांना, उंदरांना, पाखरांना आणि त्या रानाच्या पुढच्या पिढीला.

हाताची सवयही मोडावी लागते. माणूस नकळत उंच, भरघोस, वाटेजवळचे झाड निवडतो. तसे केले तर पिशवीत त्या रानाचा एकच चेहरा येतो. म्हणून खुरटी झाडेही घ्यायची, उतारावरची घ्यायची, उशिरा पिकणारीही घ्यायची. जातीगणिक तऱ्हा निराळी. ल्युपिनच्या शेंगा उन्हात तडकून दाणे दूर उडवतात, त्यामुळे रंग पालटू लागताच गाठाव्या लागतात. इंडियन राइसग्रासचे दाणे पिकताच झडतात. इथल्या मूळनिवासी पायूट आणि शोशोनी लोकांच्या आहारात या दाण्यांना पिढ्यान्‌पिढ्या मोठे स्थान होते. केव्हा झोडपायचे आणि किती सोडायचे हे ज्ञान या मुलखात सरकारी नियमावलीच्या फार आधीपासून नांदत आले आहे. सेजब्रश सर्वांत शेवटी, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, गारठ्यात. त्याचे बी इतके बारीक की किलोत चाळीस-पन्नास लाख दाणे बसतात.

काढलेले बी श्वास घेत असते. बंद गाडीच्या काचेमागे दुपारभर राहिलेली पिशवी म्हणजे वाया गेलेला आठवडा. प्लास्टिक तर वर्ज्यच, कारण ओल कोंडते. सावलीत, वाऱ्यावर ठेवून बी शक्य तितक्या लवकर ओरेगॉनमधल्या बेंड गावी वनखात्याच्या केंद्रात पाठवतात. तिथे त्याची मळणी, उफणणी, स्वच्छता होते. तिथून काही भाग वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या साठवणीत जातो, काही कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला राखीव म्हणून. सुकवून उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेले अशा जातींचे बी कित्येक दशके टिकते. मात्र लाखभर हेक्टर पेरायला रानातून आणलेल्या पिशव्या पुरत नाहीत. त्यांतून मूळ बियाणे घेऊन शेतकऱ्यांना ते वाढवावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०२३ च्या अहवालाने स्पष्ट म्हटले की देशी बियाण्यांचा पुरवठा गरजेच्या मानाने अपुरा आहे.

माझ्या मते या साखळीतली सर्वांत कच्ची कडी शीतगृहात किंवा शेतात नाही, ती माणसांच्या नेमणुकीत आहे. या टोळ्यांत बहुतेक ताजे पदवीधर असतात. शिकागो बोटॅनिक गार्डन २००१ पासून अशा तरुणांना साधारण पाच-पाच महिन्यांसाठी सरकारी कार्यालयांत पाठवत आले आहे, आणि त्यातून अनेक चांगले वनस्पतितज्ज्ञ घडले. पण पाच महिन्यांत काय होते? मे महिन्यात दोन गवतांतला फरक न कळणारा मुलगा सप्टेंबरात चालत्या गाडीतून जात ओळखू लागतो. कोणत्या खिंडीत बी आठवडाभर उशिरा पिकते, कोणता ओढा ऑगस्टमध्ये आटतो, हे त्याला ठाऊक झालेले असते. तेवढ्यात करार संपतो. नोंदी राहतात, जाण निघून जाते, आणि पुढच्या मे महिन्यात नवा टोळीप्रमुख नव्या माणसांसह पहिल्यापासून सुरुवात करतो. हंगाम काही महिन्यांचाच असला तरी टोळीप्रमुखाची नोकरी बारमाही हवी. हिवाळ्यात नोंदी तपासणे, पुढच्या वर्षीची ठिकाणे ठरवणे, बियाण्यांची उगवण पाहणे ही कामे कमी नाहीत.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्राने २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. रोपांची संख्या तेव्हा रोज वाचायला मिळे. बी कोणत्या रानातले, हे क्वचितच. आपली अडचण एका बाबतीत ग्रेट बेसिनहून बिकट आहे. जांभूळ, आंबा, फणस यांचे बी सुकवले की मरते. अशा बियांना शीतपेटी उपयोगाची नाही; पिकल्यावर थोड्याच दिवसांत पेरावे लागते. म्हणजे आपल्याकडे तर नेमक्या वेळी नेमक्या झाडाखाली पोचणाऱ्या माणसावरच सारे अवलंबून. आणि माळरानांचे काय? सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक हा सेज ग्राउससारखाच मोकळ्या रानाचा, जमिनीवर अंडी घालणारा पक्षी. त्याच्यासाठी झाडे नकोत, गवत हवे. पवन्या, मारवेल, डोंगरी या गवतांचे बी त्याच माळावरून, पिकल्या दिवशी, थोडे राखून काढणारी टोळी हवी.

येत्या पावसाळ्यात तुमच्या गावात, शाळेत किंवा सोसायटीत लागवड ठरली, तर रोपवाटिकेत तीन गोष्टी विचारा: हे बी कोणत्या तालुक्यातले, किती झाडांवरून घेतले, आणि कोणी गोळा केले. उत्तर मिळाले नाही, तर फेब्रुवारीतच रान माहीत असलेल्या गावकऱ्यांना गाठा, त्यांच्याबरोबर झाडे हेरून ठेवा, आणि बी वेचण्याच्या दिवसांचाच नव्हे तर हेरण्याच्या दिवसांचाही पूर्ण रोज त्यांना द्या.