अंतरमापन, ज्योतिषशास्त्रीय

खस्थ पदार्थांची पृथ्वीपासूनची व परस्परांमधील अंतरे ठरविण्याच्या पद्धतींना ज्योतिषशास्त्रीय अंतरमापन म्हणतात. आकाशाकडे पाहताना डोळ्यास दिशा कळते, अंतर कळत नाही. चंद्र, ग्रह व तारे एकाच घुमटावर बसविल्यासारखे भासतात. त्यामुळे खस्थ पदार्थाचे अंतर एखाद्या ज्ञात लांबीच्या आधारे काढावे लागते. या लांबीस आधाररेषा म्हणतात. आधाररेषेच्या दोन टोकांवरून एकच पदार्थ किंचित वेगळ्या दिशांना दिसतो. या कोनीय फरकास पराशय किंवा जुन्या परिभाषेत लंबन असे म्हणतात. पदार्थ जितका दूर, तितका पराशय लहान. पहिली आधाररेषा पृथ्वीचीच असल्यामुळे अंतरमापनाचा इतिहास भूमापनापासून सुरू होतो.

भूपरिघ व मध्यरेखा : एकाच रेखावृत्तावरील दोन गावांच्या अक्षांशांतील फरक व त्यांमधील योजने माहीत असल्यास त्रैराशिकाने ३६० अंशांची, म्हणजे पृथ्वीच्या परिघाची योजने मिळतात. दुसरे भास्कराचार्य यांनी सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात ही रीत दिली असून भूपरिघ ४,९६७ योजने व व्यास सु. १,५८१ योजने मानला आहे. या ग्रंथाच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा १२०७ मधील शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

रेखांश मोजण्यासाठी भारतीय ज्योतिषी लंका व उज्जयिनी यांमधून जाणारी मध्यरेखा प्रमाण मानीत. करणकुतूहल (११८३) या ग्रंथात भास्कराचार्यांनी या रेषेवरील स्थाने सांगताना कांची, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांबरोबर वत्सगुल्माचाही उल्लेख केला आहे. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आजचे वाशिम. वाशिमच्या वायव्येस सु. २० किमी. वर असलेले मालेगावही त्यामुळे याच मध्यरेखेच्या पट्ट्यात येते. आधुनिक मापनानुसार उज्जैनचे रेखांश ७५° ४६′ पू., मालेगावचे सु. ७७° पू. व वाशिमचे सु. ७७° ८′ पू. आहे. म्हणजे एकाच रेषेवर मानलेली उज्जयिनी व वत्सगुल्म ही स्थाने प्रत्यक्षात पूर्व-पश्चिम दिशेने सु. १४० किमी. दूर असून त्यांच्या स्थानिक वेळांत सु. १४ पळांचा (साडेपाच मिनिटांचा) फरक पडतो.

ही तफावत कशी राहिली, हे मापनाच्या रीतीवरून समजते. अक्षांश विषुवदिनी बारा अंगुळे उंचीच्या शंकूच्या माध्यान्ह छायेवरून थेट काढता येतो. रेखांशासाठी मात्र दोन ठिकाणी एकाच क्षणी दिसणारी घटना लागते. सूर्यसिद्धांतात यासाठी खग्रास चंद्रग्रहण सांगितले आहे : ग्रहणाची गणिताने आलेली व प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतील फरकावरून देशांतर मिळते. घटिकापात्राने वेळ मोजताना काही पळांची चूक सहज होई आणि दहा पळांची चूक म्हणजे पूर्ण एक अंश होय.

चंद्र व सूर्य यांची अंतरे : सिद्धांतग्रंथांत चंद्रकक्षेचा परिघ ३,२४,००० योजने दिला आहे, म्हणजे कक्षेवरील एक कला १५ योजनांची होते. भास्कराचार्यांच्या मते चंद्राचे मध्यम अंतर ५१,५६६ योजने आहे. योजनाची लांबी ग्रंथागणिक बदलते, म्हणून तुलना पृथ्वीच्या त्रिज्येत करणे योग्य ठरते. वरील अंतर सु. ६५ त्रिज्यांइतके भरते. आधुनिक मान सु. ६० आहे. चंद्र क्षितिजावर असता त्याचा पराशय सिद्धांतांनुसार सु. ५२ कला ४२ विकला, तर प्रत्यक्षात सु. ५७ कला असतो.

सूर्याच्या बाबतीत मात्र मापनाची जागा गृहीतकाने घेतली. सर्व ग्रह आपापल्या कक्षेत दररोज सारखीच म्हणजे सु. ११,८५८¾ योजने चालतात, असे मानले गेले. एका वर्षात चंद्राच्या सु. १३·३७ प्रदक्षिणा होत असल्यामुळे सूर्य चंद्राच्या तितकेच पट दूर म्हणजे ६,८९,३७७ योजनांवर ठरला. हे अंतर पृथ्वीच्या सु. ८७२ त्रिज्यांइतके आहे. खरे अंतर सु. २३,५०० त्रिज्या आहे. ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमी यांनी (दुसरे शतक) वेगळ्या मार्गाने १,२१० त्रिज्या हे मान काढले होते. दोन्ही परंपरांत सूर्य सु. वीस ते सत्तावीस पट जवळ मानला गेला.

ही चूक शतकानुशतके टिकली, कारण ग्रहणगणितात ती उघड होत नव्हती. सिद्धांतांत सूर्याचा पराशय सु. ४ कला येतो. खरा पराशय ८·८ विकलाच आहे. या फरकाइतके अंतर काटण्यास चंद्राला सात-आठ मिनिटे पुरतात आणि एवढी तफावत इतर त्रुटींत मिसळून जाई. गृहीतक व मापन यांतील भेद भास्कराचार्यांना मात्र ठाऊक होता. खकक्षेची १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने देताना, ब्रह्मांड एवढे असो वा नसो, ग्रह एका कल्पात इतकी योजने चालतो एवढेच आपणास अभिप्रेत असल्याचे ते सांगतात.

आधुनिक काळ : १६७२ मध्ये पॅरिस व दक्षिण अमेरिकेतील केयेन येथून मंगळाचे एकाच सुमारास वेध घेऊन झां रीशे व कासीनी यांनी सूर्याचा पराशय सु. ९·५ विकला ठरविला. पुढे शुक्राच्या अधिक्रमणांच्या (१७६१ व १७६९) वेधांवरून हे मान सुधारले. पृथ्वीचा आकारही काटेकोरपणे मोजला जाऊ लागला. भारतात १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केलेले मोठ्या चापाचे मापन ७८° रेखावृत्तालगत, म्हणजे वाशिमच्या पूर्वेकडून, विदर्भ ओलांडून उत्तरेस गेले. लॅम्बटन यांचे १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निधन झाल्यावर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते पूर्ण केले. मराठीत केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) या ग्रंथाने नवी मूलांके पंचांगगणितात आणली, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास (१८९६) लिहून जुन्या मानांची चिकित्सा केली. सूर्याचे मध्यम अंतर म्हणजेच ज्योतिषशास्त्रीय एकक हे २०१२ पासून व्याख्येनेच १४,९५,९७,८७०·७ किमी. निश्चित केले आहे.

ताऱ्यांसाठी पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ही आधाररेषा घेतात. १८३८ मध्ये फ्रीड्रिख बेसेल यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय सु. ०·३१ विकला मोजला. हा तारा सु. ११·४ प्रकाशवर्षे दूर आहे. जेथे पराशय मोजता येत नाही, तेथे हेन्‍रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलेला सेफीड चल ताऱ्यांचा आवर्तकाल व तेजस्विता यांचा संबंध उपयोगी पडतो. एडविन हबल यांनी १९२० नंतरच्या दशकात त्याच्या आधारे देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचे सिद्ध केले. याप्रमाणे अंतरमापनाची एक शिडी तयार होते. तिच्या खालच्या पायरीतील चूक वरच्या प्रत्येक पायरीत उतरते. म्हणून गाया या उपग्रहाने (२०१३–२५) एक अब्जाहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजून खालची पायरी पक्की करणे महत्त्वाचे ठरले.

तरीही विश्वाच्या प्रसरणाचा वेग या शिडीवरून दर मेगॅपार्सेकला सेकंदास सु. ७३ किमी., तर विश्वाच्या आरंभकालीन सूक्ष्मतरंग प्रारणावरून सु. ६७ किमी. येतो. दोष मापनात आहे की गृहीतकात, हा जुनाच प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. त्याच्या निर्णयासाठी शिडीवर अवलंबून नसलेली रीत हवी. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना निघणाऱ्या गुरुत्वीय तरंगांच्या स्वरूपावरून अंतर थेट काढता येते. २०१७ मध्ये एनजीसी ४९९३ या दीर्घिकेच्या बाबतीत ते प्रथम साधले. अशा तरंगांची दिशा ठरविण्यास पृथ्वीवर परस्परांपासून दूर असलेली वेधस्थाने लागतात. त्यांपैकी लायगो-इंडिया या वेधशाळेस केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिची जागा वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, सु. ७७° पू. रेखांशावर, म्हणजे मालेगावच्या जवळजवळ थेट दक्षिणेस आहे.