जड बाजू खाली येते

मोटारसायकलला नवा टायर घातला की आपल्याकडं काम तिथंच संपतं. हवा भरली, नट आवळला, निघाले. चारचाकीचा टायर बदलला तर बॅलन्सिंगचे पैसे आपण मुकाट्यानं देतो. दुचाकीच्या चाकालाही ते लागतं, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसतं. माझी हयात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली आणि राहणं शाहूपुरीत. दुचाकीचं चाक घरच्या सोप्यात, मशीनशिवाय, किरकोळ खर्चात तोलता येतं, हे मी खात्रीनं सांगतो.

लेथवाल्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. फेस प्लेटवर वाकडंतिकडं कास्टिंग बांधलं आणि समोरच्या अंगाला तोलाचं वजन लावलं नाही, तर स्पीड वाढवताच अख्खं मशीन हादरतं. चाकाचं तेच आहे. टायरचं रबर सगळीकडं सारखं नसतं, रिमला सांधा असतो, व्हॉल्व्हचं स्वतःचं वजन असतं. १९ इंची रिमचं पुढचं चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला जवळपास ११ फेरे घेतं. रिमवर एका जागी २० ग्रॅम जास्त असतील, तर त्या वेगाला ते सव्वादोन किलोहून अधिक जोरानं चाक बाहेर ओढतात, तेही प्रत्येक फेऱ्याला. चाळिशीच्या वेगाला हाच जोर अर्ध्या किलोच्या आसपास राहतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून गावात गाडी गुणी वाटते आणि हायवेला लागली की थरथरते.

माझी भाची कागलच्या पंचतारांकित वसाहतीत नोकरीला आहे. तावडे हॉटेलपाशी हायवेला लागायचं आणि सरळ कागल. पुढचा टायर बदलल्यावर म्हणाली, “मामा, सत्तरच्या पुढं गेलं की हँडल थरथराय लागतंय.” आधी हवा बघितली, मग हँडलच्या बेअरिंगचा कोन सेट. दोन्ही ठीक. गाडी मेन स्टँडवर घेऊन रिमजवळ खडू धरला आणि चाक फिरवलं. खडू सगळीकडं सारखाच घासला, म्हणजे रिम आऊट नव्हती. हे आधी तपासायलाच हवं. वाकड्या रिमला कितीही वजनं लावा, थरथर जात नाही; तिथं स्पोक आवळून रिम सरळ करणारा कारागीरच लागतो.

मग चाक काढलं. ब्रेक प्लेट आणि मीटरचा गिअर बाजूला ठेवला. गाडीचा एक्सल दोन्ही टोकांना सारखा नसतो, म्हणून बेअरिंगच्या भोकात चपखल बसणारा सरळ ब्राइट बार घेतला. उद्यमनगरात असा तुकडा भंगारातही मिळतो. दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर लोखंडी अँगलच्या दोन पट्ट्या, धार वर करून, पाणसळीनं समपातळीत बसवल्या आणि त्यांवर बारसकट चाक ठेवलं. अनेकजण बार पक्का धरून चाक नुसतं बेअरिंगवर फिरवतात. त्यानंही काम भागतं, पण ऑइल सील आणि ग्रीस चाकाला अडवतात, आणि पाच-दहा ग्रॅमचा फरक त्यातच लपून जातो. पट्टीवर बार स्वतःच लोळतो, सीलचा प्रश्नच उरत नाही.

हात सोडला. चाक सावकाश लोळलं, मागं आलं, पुन्हा थोडं पुढं गेलं आणि थांबलं. सगळ्यात वर आलेल्या जागी खडूची खूण केली. पाव फेरा फिरवून पुन्हा सोडलं. खूण परत वर. तीच हलकी बाजू. दर वेळी वेगळी जागा वर आली असती, तर पट्ट्यांची पातळी तपासावी लागली असती.

आता वजन किती, हे ठरवायचं. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली आमची पेठ गुळाची, काटे इथल्या पाचवीला पुजलेले. पण ग्रॅमचा काटा गुजरीतल्या सोनाराकडं. तिथवरही जायची गरज नाही, सुटी नाणी पुरतात. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं ४.८५ ग्रॅमचं, पाचाचं ६ ग्रॅमचं. चिकटपट्टीनं ती खुणेपाशी रिमवर लावायची आणि खूण घड्याळातल्या तीनच्या जागी आणून चाक सोडायचं. खूण वर चढली तर वजन कमी, खाली गेली तर जास्त. जिथं सोडाल तिथं चाक निवांत थांबलं, की झालं. भाचीच्या चाकाला पाचाची तीन नाणी लागली.

नाण्यांवर गाडी चालवायची नाही, ती उडतात. अलॉयला चिकटणाऱ्या वजनांच्या पट्ट्या मिळतात. रिम स्पिरिटनं पुसून कोरडी केल्यावरच त्या लावायच्या. स्पोकच्या चाकाला, भाचीचं तसलंच, सोल्डरची तार निपलजवळ घट्ट गुंडाळून वरून टेप मारतो. तिथं अंतर केंद्राकडं थोडं सरकतं, म्हणून तार नाण्यांहून किंचित जड घेतो. चाकाला ब्रेकची डिस्क असेल, तर तिच्यावर बोटांचं तेल लागू द्यायचं नाही.

टायर बसवतानाच थोडं लक्ष दिलं तर हे वजन कमी लागतं. काही टायरांवर पिवळा ठिपका असतो, तो हलक्या जागेचा. तो व्हॉल्व्हपाशी आणायचा. पन्नास-साठ ग्रॅम मागणारं चाक दिसलं, तर मी वजनं लावत बसत नाही, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा तोलतो.

अरुंद टायरला हा तोल पुरतो, कारण वजन डावीकडं की उजवीकडं याचा फरक थोडा पडतो. मागचा टायर दीडशे मिलिमीटरच्या पुढं रुंद असेल, तर मशीनवर नेलेलं बरं.

चाक परत बसवल्यावर एक्सलचा नट पुरता आवळायचा, पिन असेल तर नवी घालायची, आणि डिस्क ब्रेक असेल तर गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत दाबायचा. ताशी वीसच्या वेगानं गल्लीत एक फेरी मारून ब्रेक बघायचा. मगच हायवे.